व्हॅन आइकच्या चित्रातलं ते लग्न झालं तरी होतं का?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ओकच्या फळीवर तैलरंगात काढलेलं एक चित्र आहे. उंची जेमतेम ८२ सेंटीमीटर, रुंदी ६०. यान व्हॅन आइक या फ्लेमिश चित्रकाराने ते १४३४ मध्ये रंगवलं. एका खोलीत एक पुरुष आणि एक बाई उभे आहेत, त्याने तिचा हात हातात धरला आहे, पायाशी एक झिपरं कुत्रं. बस्स, एवढंच. या चित्रावर गेल्या शंभर वर्षांत इतकं लिहिलं गेलंय की एखाद्या माणसाने फक्त तेच वाचायचं ठरवलं तरी काही वर्षं सहज जातील. भांडणाचं मूळ साधं आहे: ही दोघं कोण आणि इथे काय चाललंय?

पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय चित्रांचे अभ्यासक नेमकं काय काम करतात, हे समजून घ्यायला या चित्राइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण एकाच चित्रावर एक मोठा सिद्धांत उभा राहिला, साठेक वर्षं पाठ्यपुस्तकांत मिरवला आणि मग दफ्तरातल्या एका नोंदीने त्याचा पाया काढून घेतला. चित्र मात्र तेच राहिलं.

आधी चित्र नीट बघू. पुरुषाच्या अंगावर गडद जांभळट रंगाचा, फरची किनार असलेला मखमली झगा, डोक्यावर काळी भलीमोठी टोपी. बाईने हिरव्या लोकरीचा घोळदार झगा घातलाय, त्याचा बराचसा कपडा तिने पोटाशी गोळा करून धरलाय. तिच्यामागे लाल पलंग, वर पितळी झुंबर, त्यात भरदिवसा जळणारी एकच मेणबत्ती. खिडकीखालच्या पेटीवर आणि चौकटीवर संत्री. व्हॅन आइक राहायचा त्या ब्रुजसारख्या (आजच्या बेल्जियममधल्या) उत्तरेकडच्या गावात संत्री दक्षिणेहून जहाजाने यायची, म्हणजे फळ कमी आणि श्रीमंती जास्त. खिडकीबाहेर चेरीचं झाड फळांनी लगडलंय, म्हणजे उन्हाळा. आणि आत हे दोघं फर पांघरून उभे. जमिनीवर एका कोपऱ्यात पुरुषाच्या लाकडी खडावा काढून ठेवलेल्या.

मागच्या भिंतीवर एक गोल, फुगीर आरसा आहे. प्रत्यक्ष चित्रात तो पाच-सहा सेंटीमीटरच्या आसपासचा. त्याच्या चौकटीत नखाएवढी दहा पदकं बसवलेली आहेत आणि प्रत्येकात ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांतला एकेक प्रसंग रंगवलाय. खाली बागेतल्या प्रार्थनेपासून सुरुवात होते, पुरुषाच्या बाजूने वर चढत अटक, न्यायनिवाडा, फटके, क्रूस वाहणं. अगदी वर क्रूसावरचा मृत्यू. मग बाईच्या बाजूने खाली उतरत दफन आणि पुनरुत्थान. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आरशात त्या दोघांच्या पाठी दिसतात आणि त्यांच्यापलीकडे, म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथे, दारात आणखी दोन माणसं दिसतात. एक निळ्या कपड्यांत, एक लाल. आरशाच्या वर भिंतीवरच, वळणदार दस्तऐवजी अक्षरांत लॅटिनमध्ये लिहिलंय: ‘योहान्नेस द आइक इथे होता, १४३४.’

आता १९३४. एर्विन पॅनोफ्स्की हे हॅम्बुर्ग विद्यापीठातले ज्यू प्राध्यापक. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली, ते अमेरिकेत आले आणि लगेचच एका ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी या चित्रावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: हे नुसतं व्यक्तिचित्र नाही, हा लग्नाचा दाखला आहे. त्या काळी चर्चच्या कायद्यानुसार वधू-वरांनी परस्परांना दिलेली संमती एवढ्यावर लग्न वैध ठरत असे. पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे झाले ते १५६३ मध्ये, ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेत. म्हणून ही दोघं खोलीत एकटीच लग्न लावतायत. पुरुषाने उजवा हात शपथेसाठी उचललाय, डाव्या हाताने तिचा हात धरलाय. आणि चित्रकार? तो भिंतीवर ‘मी इथे होतो’ असं लिहून साक्षीदाराची सही करतोय. आरशातल्या दोघांपैकी एक तोच.

त्यातही पॅनोफ्स्कींचा खरा झटका पुढे होता. खोलीतली प्रत्येक वस्तू म्हणे वेष पालटलेलं प्रतीक आहे. कुत्रं म्हणजे निष्ठा. एकच मेणबत्ती म्हणजे सगळं पाहणारा ख्रिस्त. काढून ठेवलेल्या खडावा म्हणजे पवित्र जागा. खुर्चीच्या पाठीवर कोरलेली ड्रॅगनवर उभी असलेली संत मार्गारेट म्हणजे बाळंतपणाची रक्षक. वस्तू दिसायला घरगुती, आत धर्म भरलेला. हा विचार इतका पटणारा होता की पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी फ्लेमिश चित्रं बघायची हीच रीत मानली. चित्रात फुलपात्र दिसलं की त्याचा अर्थ लावायचा, टॉवेल दिसला की त्याचाही.

पॅनोफ्स्की मोठा माणूस, आणि प्रामाणिकही. १९५३ मध्ये फ्लेमिश चित्रकलेवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांनी स्वतःच हा पेच मांडला: वस्तू जर नेहमीसारखीच रंगवली असेल, तर ती प्रतीक आहे की नुसतीच वस्तू, हे ठरवायचं कसं? त्यांचं उत्तर होतं, इतिहासाची पद्धत वापरा आणि जमल्यास थोडी अक्कलही. अनुयायांनी पहिला भाग घेतला, दुसऱ्याकडे बऱ्याच जणांनी काणाडोळा केला.

आता या दोघांची नावं कुठून आली ते पाहू, कारण सगळा डोलारा तिथेच टेकलाय. चित्रावर त्यांची नावं नाहीत. चित्र काढल्यानंतर ८२ वर्षांनी, १५१६ मध्ये, नेदरलँड्सची कारभारीण मार्गारेट ऑफ ऑस्ट्रिया हिच्या संग्रहाची यादी झाली. त्यात लिहिलंय की ‘एर्नूल ल फिन’ आणि त्याची बायको एका खोलीत असलेलं मोठं चित्र, योहान्नेस या चित्रकाराचं, दॉन दिएगो (एक स्पॅनिश दरबारी) याने मॅडमना, म्हणजे मार्गारेटला, भेट दिलेलं. कारकुनाने ऐकलेलं नाव फ्रेंच कानाने लिहिलं. पुढच्या यादीत ते ‘आर्नूल्ट फिन’ झालं. एकोणिसाव्या शतकात, १८५७ मध्ये, क्रो आणि काव्हाल्कासेले या कला-इतिहासकार जोडगोळीने हे चित्र त्या यादीतल्या नोंदीशी जोडलं आणि ‘एर्नूल ल फिन’ म्हणजे ब्रुजमधला इटालियन व्यापारी आर्नोल्फिनी असावा असं मांडलं. आर्नोल्फिनी हे लुक्का शहरातलं व्यापारी घराणं, रेशमी कापडाचे व्यवहार करणारं, आणि त्यांची माणसं ब्रुजमध्ये खरोखर होती. जोड पटण्यासारखी आहे. पण ती ८२ वर्षांनंतरच्या, चुकीच्या स्पेलिंगच्या नोंदीवर उभी आहे, हे विसरायचं नाही.

आर्नोल्फिनी तर आर्नोल्फिनी. मग कोणता? ब्रुजमध्ये त्या नावाचे जोव्हान्नी एक नव्हते, निदान दोन होते आणि ते चुलतभाऊ: जोव्हान्नी दी आर्रीगो आणि जोव्हान्नी दी निकोलाओ. पहिला जास्त गाजलेला; ब्रुज ज्याच्या राज्यात होतं त्या बर्गंडीच्या ड्यूकच्या दरबारात त्याचं बरंच वजन होतं. शिवाय त्याची बायको जोव्हान्ना चेनामी ही नावाने ठाऊक होती. मग सरळ होतं ना? पुरुष म्हणजे जोव्हान्नी दी आर्रीगो, बाई म्हणजे जोव्हान्ना चेनामी, आणि १४३४ म्हणजे त्यांच्या लग्नाचं वर्ष. कित्येक दशकं संग्रहालयाच्या पाटीपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत हेच छापलं गेलं.

१९९० च्या दशकात झाक पाविओ या फ्रेंच इतिहासकाराला बर्गंडीच्या कागदपत्रांत या दोघांच्या लग्नाची नोंद सापडली. लग्न झालं होतं १४४७ मध्ये. चित्रानंतर तेरा वर्षांनी. आणि व्हॅन आइक वारला होता १४४१ मध्ये. म्हणजे पॅनोफ्स्कींच्या सिद्धांतातलं हे विशिष्ट लग्न, ज्याला चित्रकार साक्षीदार होता म्हणे, ते लागलं तेव्हा साक्षीदाराला जाऊन सहा वर्षं झाली होती.

हा शेवटचा घाव होता, पण आधीपासूनच शंका होत्या. १९८० च्या दशकात यान बाप्टिस्ट बेडो याने प्रतीकांच्या वेषांतराच्या कल्पनेलाच आव्हान दिलं: त्या काळी लग्नात मेणबत्ती, हात धरणं या गोष्टी असायच्याच, त्यांना गुप्त अर्थ द्यायची गरज काय? एडविन हॉल यांनी १९९४ मध्ये मांडलं की हे लग्न नाही, साखरपुडा आहे, दोन घराण्यांमधला करार. आणि एक सरळ कायदेशीर मुद्दाही होता. लुक्काच्या श्रीमंत घराण्यांत लग्न म्हणजे हुंडा, नोटरी, करारपत्र, साक्षीदारांची यादी. भिंतीवर चित्रकाराने सही करून लग्नाचा दाखला करायचा, असं दुसरं उदाहरण कुठेही नाही. शिवाय रीत होती उजव्या हाताने उजवा हात धरायची. इथे पुरुषाने डाव्या हाताने धरलाय. पॅनोफ्स्कींनी त्याला चित्राच्या मांडणीची सोय म्हणून सोडून दिलं होतं. ते मला तेव्हाही पुरेसं वाटलं नसतं. आणखी एक: बाईचं डोकं झाकलेलं आहे. त्या काळात तसं डोकं झाकायची ती विवाहित बाई. म्हणजे हे लग्न असेलच तर ते होऊन गेलेलं लग्न.

भिंतीवरच्या त्या दस्तऐवजी अक्षरांबद्दलही हेच. व्हॅन आइकला असा सरकारी थाट आवडायचा. १४३२ च्या एका व्यक्तिचित्रावर त्याने १० ऑक्टोबर अशी तारीख टाकून, कोर्टातला कागद वाटावा अशी नोंद केली आहे, आणि तिथे कोणाचं लग्न नाही. ‘मी इथे होतो’ हे त्याचं जरा तिरकस, स्वतःवर खूश असलेलं वाक्य असू शकतं. आरशात त्याने स्वतःला रंगवलं असेल, तर अशा माणसाला हा सूर शोभतोही.

लॉर्न कॅम्पबेल यांनी नॅशनल गॅलरीसाठी केलेल्या अभ्यासात, जो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, फार कोरडं आणि म्हणून फार उपयोगी काम केलं. त्यांनी आणि गॅलरीतल्या सहकाऱ्यांनी चित्र इन्फ्रारेड प्रकाशात पाहिलं. इन्फ्रारेड किरण वरचे बरेचसे रंग ओलांडून जातात आणि खालच्या पांढऱ्या थरावर चित्रकाराने काळ्या रंगात केलेलं मूळ रेखाटन दिसायला लागतं. रंग चढवण्याआधी चित्रकाराच्या डोक्यात काय होतं, हे त्यातून कळतं. आणि कळलं असं की व्हॅन आइकने चेहरे सरकवले, पुरुषाचे पाय आणि उचललेला हात बदलला. आणि कुत्रं? रेखाटनात कुत्रं नाहीच. ते शेवटी, रंग लावताना सरळ ब्रशने आणलेलं आहे. कुतूहल असेल तर आरशात पाहा: खोलीतल्या दोघांची पाठ दिसते, खिडकी दिसते, पण कुत्रं नाही.

आता विचार करा. निष्ठेचं प्रतीक म्हणून सगळ्या चित्राचा पाया ज्यावर रचायचा, ते प्रतीक चित्रकाराला शेवटी सुचलं? असू शकतं; उशिरा सुचलेली गोष्टही अर्थपूर्ण असते. पण आखणी करून ठेवलेला गुप्त प्रतीकांचा नकाशा ही कल्पना मात्र अवघड होते. कॅम्पबेल यांचं मत असं की हे एका श्रीमंत जोडप्याचं चित्र आहे, घरात त्यांचं उभं राहणं, पाहुण्यांना सामोरं जाणं, एवढंच. पुरुषाचा उचललेला हात शपथेचा नसून दारात आलेल्या त्या दोघांना केलेला नमस्कार असावा. पलंग बघून आपण शयनगृह समजतो, पण त्या काळी बैठकीच्या खोलीतही भारी पलंग मिरवण्यासाठी ठेवत. आणि ती खोली अस्तित्वात तरी होती का? झुंबर वर-खाली करायला जागा नाही, शेकोटी कुठेच नाही, आरशातही नाही, आणि एवढा मोठा फुगीर आरसा त्या काळी बनवणं अवघड होतं. व्हॅन आइकने खोली रचली, मोजली नाही. जमिनीच्या फळ्या आणि छताच्या तुळया एका बिंदूकडे जातच नाहीत.

कॅम्पबेल यांच्या मते पुरुष म्हणजे जोव्हान्नी दी निकोलाओ. पण इथे नवी अडचण उभी राहते. त्याचं लग्न १४२६ मध्ये कोस्तान्झा त्रेंता हिच्याशी झालं होतं, आणि तिच्या आईने फेब्रुवारी १४३३ मध्ये लिहिलेल्या पत्रावरून कळतं की कोस्तान्झा तोवर वारली होती. मग १४३४ च्या चित्रातली बाई कोण? कॅम्पबेल म्हणतात, दुसरी बायको, जिची नोंद कुठेही नाही.

मार्गारेट कोस्टर या अभ्यासक बाईंनी २००३ मध्ये दुसरं उत्तर सुचवलं, आणि ते वाचल्यावर चित्र परत एकदा बघावंसं वाटतंच. त्या म्हणतात, ही कोस्तान्झाच आहे. मेलेली. पुरुष जिवंत, बाई गेलेली, आणि चित्र म्हणजे आठवण. झुंबरात जळणारी मेणबत्ती पुरुषाच्या बाजूला. बाईच्या बाजूच्या दिवटीत फक्त वितळून संपलेलं मेण. आरशाच्या चौकटीतले प्रसंग आठवा: पुरुषाच्या बाजूला ख्रिस्त जिवंत असतानाचे, बाईच्या बाजूला मृत्यूनंतरचे. तिचा हात त्याच्या हातात नीट धरलेला नाही, सुटत चाललेला वाटतो.

गोष्ट म्हणून ही जबरदस्त आहे. तरीही मी जरा हात आखडता घेतो. कारण इथे तीच पद्धत चालली आहे जी पॅनोफ्स्कींची होती: आधी चित्रात काय घडतंय ते ठरवायचं आणि मग प्रत्येक वस्तूला त्यात कामाला लावायचं. मेणबत्ती पूर्वी ख्रिस्त होती, आता आयुष्य झाली. ती मेणबत्तीच आहे, हा पर्याय कायम उपेक्षितच. चौकटीतल्या प्रसंगांचा क्रम मात्र खोडून काढणं सोपं नाही, तो चित्रकाराने मुद्दाम रंगवलाय, आणि गोल चौकटीत कथा फिरवायची तर कुठेतरी सुरुवात करावीच लागते, एवढंच त्याविरुद्ध म्हणता येईल.

या चित्राकडे बघून आपोआप सुचणारा प्रश्न मात्र अभ्यासक फारसा मनावर घेत नाहीत: बाई गरोदर आहे ना? नाही. ती फॅशन होती. पोटाशी कपडा धरायचा, पोट थोडं पुढे, कंबर उंच. व्हॅन आइकनेच काढलेली संत कॅथरीन, जी कुमारी, तिचंही पोट असंच दिसतं. पण हा गैरसमज नवा नाही. चित्र स्पेनच्या राजवाड्यात होतं तेव्हा, १७०० मध्ये, तिथल्या कारकुनाने यादीत लिहिलं: हिरव्या कपड्यातली गरोदर जर्मन बाई एका तरुणाला हात देतेय, ते रात्री लग्न करत असावेत, आणि चौकटीवरच्या ओळी सांगतात की दोघं एकमेकांना कसे फसवतायत. त्या ओळी ओव्हिडच्या होत्या: वचनं द्या, वचनं द्यायला काय जातं. १५९९ मध्ये एका जर्मन प्रवाशाने त्या चौकटीवर पाहिल्या होत्या. ती चौकट आता हरवली आहे आणि ओळी बहुधा नंतर कोणीतरी घातलेल्या. पण लग्न, रात्र, गरोदरपण हा सगळा मसाला पॅनोफ्स्कींच्या कितीतरी आधी माद्रिदच्या एका कारकुनाने चित्रात घालून ठेवला होता, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मजेचं वाटतं.

माद्रिदहून ते लंडनला कसं आलं? नेपोलियनच्या युद्धांत जेम्स ‘हे’ (Hay) या नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती लागलं. त्याने सांगितलेली गोष्ट ब्रुसेल्समध्ये दुखापतीतून उठताना भिंतीवर दिसल्याची, पण ते स्पेनमधल्या लुटीतून आलेलं असण्याचीच शक्यता जास्त. १८१६ मध्ये ते ब्रिटनच्या राजपुत्राला दाखवायला म्हणून त्याच्या लंडनमधल्या वाड्यात, कार्लटन हाउसमध्ये, पाठवलं, त्याला नको झालं, १८१८ मध्ये परत आलं. नॅशनल गॅलरीने १८४२ मध्ये ते ६०० पौंडांना घेतलं.

आज गॅलरी चित्राला आर्नोल्फिनीचं लग्न म्हणत नाही, आर्नोल्फिनीचं व्यक्तिचित्र म्हणते, आणि कॅम्पबेल यांच्या सूचीत जोव्हान्नी या नावापुढे प्रश्नचिन्ह छापलेलं आहे. बर्लिनच्या संग्रहालयात व्हॅन आइकनेच काढलेलं लाल पागोट्यातल्या माणसाचं चित्र आहे, चेहरा हाच. त्याच्यावरही नाव नाही. जोव्हान्नी दी निकोलाओने १४३३ नंतर परत लग्न केलं का, हे सांगणारा कागद लुक्काच्या किंवा ब्रुजच्या दफ्तरात कुठे पडला असेल तर तो सापडल्यावर कोस्टर आणि कॅम्पबेल यांच्यातला वाद निकालात निघेल. तोवर दोघांचंही म्हणणं उभं आहे.